आमच्यावर प्रयोग नको!

(पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी स्वतःचे उपचार बदलू नयेत, ही विनंती.)

२०२१ची गोष्ट. मामांना शौचातून रक्त जायला लागलं. अशा वेळी गावाकडे जे होतं तेच झालं. "मूळव्याध असणार" म्हणून आधी घरचं औषध, मग कुणीतरी सांगितलेला पाला, मग "एका इंजेक्शनात मूळव्याध गायब" अशी पाटी लावलेला एक माणूस. यात आठ महिने गेले. वजन उतरलं तेव्हा मामी हट्टाने त्यांना शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. बोटाने तपासणी झाली, दुर्बीण घातली, तुकडा तपासायला गेला. गुदाशयाचा कॅन्सर निघाला. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं आणि शेवटी एक फॉर्म पुढे केला. मराठीतच होता, सात-आठ पानांचा. म्हणाले, "या आजारावर दोन पद्धतींनी उपचार करतात. दोन्ही चालतात. पण त्यातली चांगली कुठली हे अजून नक्की झालेलं नाही, त्याचा अभ्यास चालू आहे. तुम्ही तयार असाल तर कुठली पद्धत मिळणार ते कॉम्प्युटर ठरवेल. नको असेल तरी हरकत नाही, उपचार होतीलच."

त्या रात्री घरात बैठक बसली. मोठे मामा म्हणाले, "कॉम्प्युटर ठरवणार म्हणजे चिठ्ठ्या टाकणार की काय माणसाच्या जिवावर?" मामेभाऊ म्हणाला, "हे लोक गरिबांवर औषधं ट्राय करतात, टीव्हीवर दाखवलं होतं." मीही तिथंच होतो आणि मीही मान हलवली. सकाळी मामांनी हात जोडले : "डॉक्टरसाहेब, सगळ्यांना जे देता तेच आम्हाला द्या. आमच्यावर प्रयोग नको."

डॉक्टर हसले, ठीक आहे म्हणाले. मामांना पाच दिवस रेडिएशन मिळालं, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात. मग दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. काही महिने पोटावर पिशवी होती, नंतर ती बंद केली. मामा आज ठणठणीत आहेत, रोज सकाळी घाटापर्यंत चालून येतात.

गंमत पुढेच आहे. २०२२च्या जूनमध्ये त्याच मामेभावाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला : "कॅन्सरवर औषध सापडलं! अमेरिकेत ट्रायलमधले सगळेच्या सगळे पेशंट बरे!!" खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. ज्या घराने वर्षभरापूर्वी ट्रायलचा फॉर्म परत केला होता, तेच घर ट्रायलच्या निकालावर टाळ्या वाजवत होतं.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसला. "सगळ्यांना जे देता ते" आलं कुठून? पाच दिवसांचाच शेक का? हे कुणी आणि कसं ठरवलं? शोधत गेलो, तर शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्ट हाती लागली. ती आज सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अर्नेस्ट माइल्स नावाचे सर्जन होते. त्या काळी गुदाशयाची गाठ बहुतेक वेळा खालूनच, म्हणजे बैठकीच्या बाजूने काढत. माइल्सनी एक अवघड काम केलं. स्वतःचं अपयश मोजलं. त्यांनी अशी ५७ ऑपरेशनं केली होती, त्यातल्या ५४ जणांचा कॅन्सर उलटला होता. दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं करून त्यांनी आजार परत कुठे उगवतो ते पाहिलं. तो वरच्या बाजूला, पोटातल्या लिम्फ नोडमध्ये शिल्लक राहत होता. तिथपर्यंत खालून हातच पोचत नव्हता.

मग १९०८ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये नवं ऑपरेशन मांडलं. पोटातून आणि खालून, दोन्हीकडून कापायचं. गुदाशय, गुदद्वार, आजूबाजूचं सगळं काढायचं आणि पोटावर कायमची पिशवी. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ जण ऑपरेशनमुळेच गेले. पण जे वाचले त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी होतं. झालं, पुढची कित्येक दशकं हेच शास्त्र झालं. गुदाशयाचा कॅन्सर म्हणजे सगळं काढणं आणि जन्मभर पिशवी.

माइल्सना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांच्यामुळे या रोगातून माणसं वाचू लागली. पण "इतकं सगळं प्रत्येकाचं कापायलाच हवं का?" याचं उत्तर त्यांच्या पद्धतीत मिळणार नव्हतं. लंडनच्याच सेंट मार्क्स हॉस्पिटलात कथबर्ट ड्यूक्स नावाचे पॅथॉलॉजिस्ट काढलेली आतडी वर्षानुवर्षं तपासत होते. आजार आतड्याच्या भिंतीतच आहे, भिंत ओलांडून बाहेर गेलाय, की लिम्फ नोडपर्यंत पोचलाय, अशा ए, बी, सी पायऱ्या त्यांनी १९३२ साली मांडल्या. कॅन्सर खालच्या दिशेने फारसा पसरत नाही, हेही अशा तपासण्यांतून दिसू लागलं. म्हणजे गाठ पुरेशी वर असेल तर गुदद्वार वाचवता येईल. काही सर्जन तसं करूही लागले.

पण खरी अडचण पुढेच होती. नवं ऑपरेशन जुन्यापेक्षा चांगलं हे ठरवायचं कसं? एखादा सर्जन म्हणतो, "माझ्या पद्धतीत जास्त लोक जगतात." पण त्याने निवडलेले पेशंट कोण होते? तरुण, धडधाकट, लहान गाठीचे असतील तर? तालमीतले पैलवान एका बाजूला आणि शाळकरी पोरं दुसऱ्या बाजूला उभी करून कुस्ती लावली, तर निकालाचा काय उपयोग? यात सर्जन खोटं बोलतोच असं नाही. चांगला पेशंट नव्या पद्धतीला द्यावा असं त्याला मनापासून वाटतं, आणि तिथंच हिशेब चुकतो.

याला तोड निघाली ती चिठ्ठीची. १९४८ साली ब्रिटनमध्ये टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल छापून आली. औषध इतकं थोडं होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने आखणी केली. कुणाला औषध आणि कुणाला फक्त विश्रांती, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. डॉक्टरची मर्जी नाही, ओळख नाही, वशिला नाही. पैलवान दोन्ही बाजूंना आपोआप सारखे वाटले जातात.

असली ट्रायल म्हणजे परदेशी खूळ, असं वाटत असेल तर हेही ऐका. १९५६ साली मद्रासमध्ये अशीच चिठ्ठी टाकून टीबीच्या रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्या घरी, गर्दीच्या वस्तीत, साध्या जेवणावर. औषधं दोघांना तीच. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. आपल्या भागात ज्यांनी वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांना याचं मोल कळेल. आज टीबीची गोळी घरी बसून घेता येते, त्यामागे मद्रासच्या त्या दोनशेच्या आतबाहेर गरीब माणसांचा होकार आहे.

आता आतड्याकडे परत येऊ.

अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स मोर्टेल नावाचे डॉक्टर होते. गाजावाजा झालेल्या औषधांना ते सरळ चिठ्ठीच्या कसोटीवर उभं करत. दोन वेळा नोबेल मिळालेले लायनस पॉलिंग सांगत होते की व्हिटॅमिन सी भरपूर घेतलं की कॅन्सरचा रुग्ण जास्त जगतो. एवढा मोठा माणूस बोलतोय म्हटल्यावर लोक ऐकणारच. मोर्टेलनी आतड्याचा कॅन्सर पसरलेले १०० रुग्ण घेतले. निम्म्यांना रोज १० ग्रॅम व्हिटॅमिन सी, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. १९८५ साली निकाल आला : काडीचा फरक नाही. पॉलिंग भयंकर चिडले. पण चिठ्ठी नोबेल बघत नाही. (हा परिच्छेद फॅमिली ग्रुपवर टाकायला हरकत नाही.)

याच मोर्टेलनी १९९० साली दुसरा निकाल दिला. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण लिम्फ नोडमध्ये आजार सापडलेला; अशा रुग्णांचं काय करायचं? तोवर "वाट बघा" एवढंच होतं. १,२९६ रुग्णांच्या ट्रायलमध्ये फाइव्ह-एफयू हे किमोचं औषध आणि लेव्हामिसोल, ही जोडी वर्षभर दिली. लिम्फ नोडपर्यंत आजार गेलेल्यांमध्ये तो उलटण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचं ३३ टक्क्यांनी कमी झालं. ऑपरेशननंतर किमो द्यायची पद्धत इथून पक्की झाली.

लेव्हामिसोल हे नाव शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी ऐकलं असेल. जंताचं औषध. कॅन्सरसाठी परवानगी मिळाल्यावर अमेरिकेत माणसांसाठीच्या त्याच गोळीची किंमत मेंढ्यांच्या औषधाच्या सुमारे शंभरपट लावली गेली. मोर्टेलनी १९९२ साली जाहीरपणे कंपनीला झोडपलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ट्रायल करदात्यांच्या पैशातून झाली, जीव रुग्णांनी पणाला लावला, मग ही किंमत कशासाठी? कंपनीचं म्हणणं, संशोधनाचा खर्च असतो. पुढे लेव्हामिसोल या उपचारातून बाहेर पडलं, त्याची जागा दुसऱ्या औषधाने घेतली. मोर्टेलचा प्रश्न मात्र अजून तिथंच आहे.

आता मामांच्या पाच दिवसांच्या शेकाकडे.

१९८०च्या आसपास ऑपरेशननंतर कमरेच्या पोकळीत त्याच जागी कॅन्सर उलटणं ही मोठी डोकेदुखी होती. आणि तसं मरण फार वेदनेचं. स्वीडनमध्ये १९८७ ते १९९० या काळात १,१६८ रुग्णांची चिठ्ठी पडली. अर्ध्यांना ऑपरेशनआधी एक आठवडा, रोज एक असे पाच शेक. उरलेल्यांना नुसतं ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं तर शेक न घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार त्याच जागी उलटला होता, घेतलेल्यांपैकी ११ टक्क्यांचा. जगण्याचं प्रमाणही ४८ वरून ५८ टक्क्यांवर गेलं.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोक नावाच्या लहान गावात बिल हील्ड नावाचे सर्जन वेगळंच सांगत होते. गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, लिम्फ नोड त्यातच असतात. सर्जन हाताने ओढून-फाडून गाठ काढतात, त्यात ते आवरण फाटतं आणि आजार आत राहतो. तेच आवरण नजरेसमोर ठेवून, कडेकडेने कापून, अखंड बाहेर काढलं तर? १९८२ साली त्यांनी हे मांडलं. त्यांचे आकडे इतके चांगले होते की लोकांचा विश्वास बसेना.

खरी परीक्षा हॉलंडमध्ये झाली. १९९६ ते १९९९ मध्ये १,८६१ रुग्ण. सगळ्यांचं ऑपरेशन हील्डच्या पद्धतीने, फक्त शेक द्यायचा की नाही याची चिठ्ठी. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की ट्रायलसाठी डच सर्जनना हे ऑपरेशन नव्याने शिकावं लागलं. प्रत्येक हॉस्पिटलातली पहिली पाच ऑपरेशनं शिकवणाऱ्या सर्जनच्या देखरेखीखाली करायची, हा नियमच होता. वीस-वीस वर्षं कापाकापी केलेले सर्जन पुन्हा विद्यार्थी झाले. दोन वर्षांनंतरचा निकाल : शेक नसताना ८.२ टक्के उलटले, शेक घेतल्यावर २.४ टक्के. म्हणजे नुसत्या नीट ऑपरेशननेच स्वीडनच्या २७ टक्क्यांच्या मानाने केवढा फरक पडला! अर्थात दोन्हीकडची वर्षं आणि रुग्ण वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवताना जपून. आणखी एक. त्याच डच रुग्णांची पुढे चौकशी केली तेव्हा शेक घेतलेल्यांना शौचावर ताबा राहण्याचा त्रास जास्त होता, हेही समोर आलं. फायदा कळला आणि त्याची किंमतही.

मामांचा पाच दिवसांचा शेक स्वीडनचा, ऑपरेशनची पद्धत बेसिंगस्टोकची आणि दोन्ही एकत्र करायची खात्री हॉलंडची. आम्ही म्हणत होतो, प्रयोग नको!

दुर्बिणीच्या ऑपरेशनचंही तसंच. १९९०च्या सुरुवातीला ते आलं तेव्हा एक भयंकर बातमी पसरली. पोटावरच्या ज्या छोट्या छिद्रांतून दुर्बीण घातली, तिथंच काही रुग्णांना कॅन्सर उगवला होता. सर्जनांच्या संघटनांनी सांगितलं, आतड्याच्या कॅन्सरसाठी ही पद्धत ट्रायलबाहेर वापरू नका. मग अमेरिकेत ४८ हॉस्पिटलांत ८७२ रुग्णांची चिठ्ठी पडली. दुर्बीण की उघडं ऑपरेशन? किमान २० ऑपरेशनं केलेल्या सर्जनलाच प्रवेश. २००४ साली निकाल आला. तीन वर्षांत आजार उलटला तो दुर्बिणीत १६ टक्के, उघड्यात १८ टक्के. भीती निराधार ठरली.

पण हा निकाल मोठ्या आतड्याच्या वरच्या भागाचा होता. गुदाशयासाठी वेगळ्या ट्रायल झाल्या. २०१५ साली युरोपातल्या १,०४४ रुग्णांच्या ट्रायलने दोन्ही पद्धती सारख्याच म्हणून सांगितलं, तर त्याच वर्षी अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रायलना ते सिद्ध करता आलं नाही. म्हणून आजही चांगला सर्जन "दुर्बिणीनेच करा" असा हट्ट धरलेल्या पेशंटला आधी गाठ कुठे आणि किती खोल आहे ते सांगतो.

मग "कमी दिलं तर चालेल का?" हा प्रश्न. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर सहा महिने ऑक्सालिप्लॅटिनची किमो देत. या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, काहींचा तो जातच नाही. शर्टाचं बटण लावता येत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. शेतात किंवा शिलाई मशीनवर पोट असलेल्याला हे लहान नव्हे. सहाऐवजी तीनच महिने दिलं तर? आता सांगा, आपलं औषध निम्मंच वापरा हे सिद्ध करायला कोणती कंपनी उत्साहाने पैसे घालेल? ते काम वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन केलं. सहा ट्रायल, १२,८३४ रुग्ण, २०१८ साली निकाल. तीन वर्षं आजाराशिवाय राहिलेले लोक तीन महिन्यांच्या गटात ७४.६ टक्के, सहा महिन्यांच्या गटात ७५.५ टक्के. बधिरपणा मात्र निम्म्याहून खाली. सगळ्यांना तीन महिने पुरतात असं सिद्ध झालं नाही, पण कमी धोक्याच्या रुग्णांना योग्य औषधजोडीत तीन महिने पुरतात, हे दिसलं.

आणि शेवटी ऑपरेशनच नको म्हणणारी बाई. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा. त्यांच्या लक्षात आलं की शेक आणि किमोनंतर काही रुग्णांची गाठ इतकी विरघळते की ऑपरेशन करून काढलेल्या आतड्यात कॅन्सर सापडतच नाही. मग कापलं कशाला? अशा रुग्णांना त्या न कापता ठरावीक दिवसांनी तपासत राहिल्या. जगभरच्या सर्जनांनी त्यांना वेड्यात काढलं. २००४ साली त्यांनी आकडे छापले. २६५ रुग्णांपैकी ७१ जणांना ऑपरेशनशिवाय ठेवलं होतं आणि ते उत्तम जगत होते. पुढे अमेरिकेत ३२४ रुग्णांची ट्रायल झाली, २०२२ साली छापली गेली. शेक-किमोचा क्रम नीट लावला तर जवळपास निम्म्या रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनी शाबूत होता. अट एकच : पहिली दोन-तीन वर्षं तपासणी चुकवायची नाही, कारण गाठ परत उगवलीच तर तेव्हाच उगवते आणि वेळेत कापावी लागते.

त्याच २०२२च्या जूनमध्ये मामेभावाचा तो फॉरवर्ड आला. बातमी खरी होती. न्यूयॉर्कच्या एका ट्रायलमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब सहा महिने दिलं आणि बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. ना शेक, ना किमो, ना ऑपरेशन. पुढे अशा रुग्णांची संख्या ४९ झाली, तरी निकाल तोच. फॉरवर्डमध्ये नव्हतं ते एवढंच की हे औषध ज्या विशिष्ट जनुकीय दोषाच्या गाठींवर चालतं, तशा गाठी गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये शंभरात पाच ते दहाच असतात. म्हणजे "कॅन्सरवर औषध सापडलं" हे खरं नाही, पण त्या पाच-दहा माणसांसाठी हा चमत्कारच. तेव्हा आता आपल्या माणसाच्या गाठीची ती तपासणी झाली आहे का, हे विचारायलाच हवं.

१९०८ ते २०२२. सगळं कापण्यापासून काहीच न कापण्यापर्यंत. या प्रवासात हुशार डॉक्टर तर आहेतच, पण प्रत्येक टप्प्यावर हजारो साध्या माणसांनी "टाका चिठ्ठी" म्हटलं आहे. त्यांची नावं कुठेच नाहीत.

आता आपल्याकडची बाजू. मोठ्या मामांची भीती हवेतून आली नव्हती. आपल्या देशात संमती न घेता, नीट न सांगता ट्रायल झाल्याच्या तक्रारी झाल्या. २०१२ साली इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच सुप्रीम कोर्टात गेला, कोर्टाने सरकारला फैलावर घेतलं आणि नियम कडक झाले. २०१९ पासून नवीन नियमावली आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी, तुमच्या भाषेत लेखी संमती, ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई. शिवाय २००९ पासून ट्रायल सुरू करण्याआधी ती सरकारी रजिस्ट्रीत नोंदवणं बंधनकारक आहे. ती वेबसाइट कुणीही उघडून बघू शकतो.

पण दुसरा धोका आपल्याला दिसत नाही. वर सांगितलेले रुग्ण बघा. स्वीडन, हॉलंड, अमेरिका. तिकडे हा बहुतांशी साठी-सत्तरीचा आजार. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने आपल्याकडच्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली छापला, त्यात सरासरी वय ४७ होतं. सत्तरीच्या डच आजोबांना जे लागू पडलं, ते पंचेचाळिशीच्या, अंगमेहनतीच्या, अर्ध्या पगारावर रजा काढून आलेल्या आपल्या माणसाला तसंच लागू पडेल का? हे तिकडून कोण शोधून देणार? इथल्या रुग्णांवर इथंच, सरकारी आणि धर्मादाय पैशातून, नीट ट्रायल झाल्या तरच कळेल. आपण सगळे "प्रयोग नको" म्हणत राहिलो तर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे घालत राहू.

म्हणून फॉर्म पुढे आला तर लगेच सही नको आणि लगेच नकारही नको. हे विचारा :

१. ट्रायलमध्ये आलो नाही तर मला काय उपचार मिळतील?
२. दोन्ही गटांना नेमकं काय मिळणार आहे? कुणाला उपचाराशिवाय ठेवणार आहेत का?
३. पैसे कोण घालतंय? जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कुणाचा?
४. मध्येच बाहेर पडता येईल का? (येतंच. तो तुमचा हक्क आहे.)
५. त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा? भरपाई कोण देणार?
६. रजिस्ट्रीतला नंबर काय? एथिक्स कमिटीचा फोन कुठे लिहिलाय?

याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर खुशाल उठून या.

गेल्या महिन्यात मामा तपासणीला आले होते, तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते स्वीडनवाले... ज्यांना चिठ्ठीत शेक आला नाही, त्यांचं काय रे?"

प्रश्न बरोबर जागी लागला. मी म्हटलं, "मामा, तेव्हा सगळ्यांना जे देत होते, तेच त्यांना मिळालं. शेकाने भलं होईल की वाईट, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकणं पाप झालं असतं. म्हणून तर आता मोठ्या ट्रायलमध्ये मध्ये-मध्ये आकडे बघणारी वेगळी समिती असते. एक बाजू सरस दिसली की थांबवते." पण त्या २७ टक्क्यांतल्या माणसांना याने काय समाधान मिळणार, हे मलाही कळतं. मामा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आता कुणी विचारलं तर सही करीनच असं नाही. पण फॉर्म वाचला तरी असता रे आपण."

एवढंच. आणि हो, शौचातून रक्त जात असेल तर आठ महिने मूळव्याध म्हणून घरी बसू नका. एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

तुमच्या घरात कुणी ट्रायलमध्ये गेलं असेल, किंवा नाही म्हटलं असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव नको, अनुभव सांगा.